रकान्यातला पा

सुतारकाकांचा चेहरा मला आठवेना. सव्वाअकरा वाजता हे माझ्या लक्षात आलं, आणि तेही सिस्टरनी विचारलं म्हणून. "बाई, सात नंबरवर कोणी आलं नाही अजून," त्या आतल्या दारातून डोकावून म्हणाल्या. मी म्हटलं, "सुतारकाकांनी आजचं उद्यावर नेलंय." "तुम्ही पाहिलंय ना त्यांना?" मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. बदलांच्या यादीत अगदी खालच्या ओळीला काकांचं नाव, त्यापुढे मंगळवार, त्यापुढे बुधवार संध्याकाळ, आणि शेवटच्या रकान्यात 'पा'. "हो, पा आहे की," मी म्हणाले. "मग ठीक," म्हणून सिस्टर आत गेल्या आणि मी हात तसेच धरून बसून राहिले. पा होता, पण काका नव्हते. त्यांचा चौकड्यांचा शर्ट आठवत होता, खिशातली पेन्सिल आठवत होती, टेबलाच्या कडेवर ठेवलेले दोन्ही पंजे आणि डाव्या अंगठ्याचं अर्धं नख आठवत होतं. आवाजसुद्धा होता. पण शर्टाच्या कॉलरवर नजर नेली की तिथून पुढे काहीच नव्हतं, कुणी फोटो कापून घेतल्यासारखं.

माझी खुर्ची ही डायलिसिस सेंटरच्या वेळापत्रकाची खुर्ची. किडन्यांनी हात टेकलेली एक्क्याऐंशी माणसं, चौदा मशिनं, दिवसाला तीन बॅच, रविवार बंद. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास आत पडून राहायचं. हिशोब केला तर आठवड्यात फक्त नऊ जागा मोकळ्या उरतात आणि सगळा खेळ त्या नऊ जागांवर चालतो. कुणाच्या मुलीला परीक्षेला सोडायचं असतं, कुणाकडे पाहुणे येतात, कुणाला नुसता कंटाळा आलेला असतो. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि म्हणतात, बाई, आजचं उद्या करा ना. वेळ बदलून मागणारा माणूस कायम ठणठणीत असतो, म्हणजे तो तसं सांगतो. आत गेल्यावर सिस्टर वजन करतात, त्यात अंगात साठलेलं पाणी किलोकिलोने दिसतं; पण जो आत जातच नाही त्याचं वजन कोण करणार? त्याला फक्त मी पाहते. पापण्या सुजल्यात का, चपलेचा पट्टा पायात रुतलाय का, एक वाक्य एका दमात पुरं होतंय का. शंका आली की मी नाही म्हणते आणि सिस्टरना हाक मारते. शंका नसली की नाव हलवते, खालच्या यादीत ओळ लिहिते आणि शेवटच्या रकान्यात 'पा' टाकते. पा म्हणजे पाहिलं. हे कुठल्याही नियमावलीत नाही. डॉक्टर मात्र एखाद्याची वेळ का बदलली म्हणून चौकशी करू लागले तर आधी तोच रकाना बघतात आणि पा दिसला की पुढे विचारत नाहीत. एका अक्षरावर माणसं इतका भरवसा टाकतात याचं मला कधीकधी दडपण येतं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटतो.

हा पा थोरल्या बाईंचा. माझ्याआधी या खुर्चीत त्या होत्या, त्याआधी टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, आणि त्यांच्यासारखं काम करणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. मी आले तेव्हा मला वाटलं, या बाई नुसत्या गप्पा मारतायत. समोर माणूस उभा, बाई त्याच्या तोंडाकडे बघत बोलतायत, घरचं विचारतायत, आणि तो वळून निघतो तोवर त्याचं नाव मंगळवारातून गुरुवारात जाऊन बसलेलं. मग माझी नजर खाली त्यांच्या बोटांवर गेली. बोटं आपली आपली चाललेली. कंट्रोल दाबून एफ, नाव शोधलं. कंट्रोल दाबून एक्स, उचललं. कंट्रोल आणि बाण, रकान्याच्या टोकाला. कंट्रोल दाबून व्ही, ठेवलं. माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला होता, वर गोळ्यांची रिकामी पाकिटं. मला शिकवताना त्या माझ्या हातांवर टॉवेल टाकायच्या आणि म्हणायच्या, "बघ माझ्याकडे. खाली काय ठेवलंय तुझं? यंत्राकडे बघत बसलीस तर समोरचा थाप मारून निघून जाईल, आणि तुला कळणारसुद्धा नाही." टॉवेलाखाली माझी बोटं आंधळ्या कोशिंबिरीतल्या मुलांसारखी एकमेकांवर आपटायची. मी रडकुंडीला यायचे. दोन महिन्यांनी एके दिवशी एका म्हाताऱ्या आजींशी त्यांच्या सुनेबद्दल बोलता बोलता मी त्यांची वेळ बदलली, आणि मी ती बदलली हे मलाच नंतर कळलं. थोरल्या बाईंनी टॉवेलाची घडी केली आणि कपाटात ठेवून दिली, शाबासकी वगैरे काही नाही. त्या दिवशी मी घरी गेले ती जमिनीवर पाय नसल्यासारखी. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे आता तू न बघता काम करणार? त्यासाठी पगार देतात?" ह्यांना नीट समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली, आणि समजल्यावर ह्यांनी ते माझ्यावरच उलटवलं. मी चहा ढवळत भलतीकडे बघत हो-हो करत असले की म्हणतात, "आम्हालाही टाका कधीतरी एक पा."

एकोणीस वर्षं. त्यात तीनदा टेबल बदललं, दोनदा पडदा बदलला, पण कंट्रोल जिथल्या तिथे होता, डाव्या कोपऱ्यात, करंगळीखाली. माझ्या डाव्या करंगळीला त्याचा एक बारीक घट्टा आहे आणि मी तो कुणाला दाखवत नसले तरी मला आवडतो. मग गेल्या शनिवारी वरच्या ऑफिसने सगळे संगणक बदलले. वेगळ्या जातीचे, पांढरे, पातळ, दिसायला देखणे. बसवायला आलेले गृहस्थ शांत होते, वयाने माझ्याएवढे, दर वाक्याला "काही फरक नाही" म्हणणारे. "तक्ता तोच, बाई. आकडे तेच, नावं तीच. काही फरक नाही. फक्त कंट्रोलच्या जागी आता ही कमांड, स्पेसच्या शेजारी. अंगठ्याने दाबायची." फक्त! एकोणीस वर्षं जे काम करंगळीचं, ते अंगठ्याला सांगायचं. एकाच घरात दोन भाऊ, एकाने जन्मभर दुकान सांभाळलं, आणि एक दिवस किल्ल्या दुसऱ्याच्या हातात. अंगठा गोंधळला आणि करंगळी हटून बसली. तक्त्यातली चौकट उघडायला मी एफ-दोन दाबला तर पडदा लख्ख उजळला. मशीन बंद पडलं म्हणून तीन नंबरच्या जागी बारा घालायला, नव्या रीतीने आठवणीने अंगठा वापरून, एच दाबला, तर अख्खा तक्ताच गडप झाला. एक्क्याऐंशी माणसं एका क्षणात नाहीशी. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि रांगेतल्या चौघांनी एकदम विचारलं, "काय झालं? आमचं काय झालं?" तक्ता फक्त लपला होता असं नंतर कळलं. गृहस्थ म्हणाले, "तोवर माउस वापरा ना." मी वापरला. माउस वापरायचा म्हणजे बाण कुठे गेला ते शोधायचं, आणि बाण शोधायचा म्हणजे पडद्याकडे बघायचं. शनिवारी संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं, आज मी एकाही माणसाला पाहिलं नाही. वाटलं आणि मी ते झटकून टाकलं, नवं आहे, बसेल हातात, असं म्हणून.

आणि आज सकाळी काका आले ते साडेदहाला. मला त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. "बाई, आज सुट्टी द्या. एका घरी जिन्याचा कठडा बसवायचाय, माणसं थांबलीत. उद्या संध्याकाळी येतो, नक्की." मी म्हटलं, "बघू." आणि करंगळीने मला विचारलंच नाही. नावांच्या रकान्यात जायला तिने कंट्रोल धरला, दुसऱ्या हाताने डावा बाण दाबला, आणि पडदा सरकन बाजूला सरकून समोर डोंगर आला. खरोखरचा डोंगर, निळा, शिखरावर बर्फ, पायथ्याशी तळं. या यंत्रात कंट्रोल आणि बाण म्हणजे खोली बदलणं असतं म्हणे. मी त्या डोंगराकडे बघत राहिले, मग कळपट्टीकडे बघितलं, अक्षरं वाचली, हो, एखाद्या शिकाऊ मुलीसारखी मी अक्षरं वाचली, पुन्हा बाण दाबला, तक्ता आला, अंगठ्याने एक्स, अंगठ्याने व्ही, बुधवार संध्याकाळ, खाली यादीत नाव. मग शेवटचा रकाना. तिथे मात्र माझ्या बोटांना विचार करावा लागला नाही. पा मी कधी लिहीत नाही. वरच्या ओळीत पा असतोच, कंट्रोल आणि डी दाबलं की वरचं खाली उतरतं. करंगळीने कंट्रोल दाबला, मधल्या बोटाने डी, आणि पा उतरला, एका झटक्यात, जुन्या दिवसांसारखा. बाकी सगळ्या चाली रुसल्या होत्या, ही एक तेवढी या नव्या यंत्रातही तश्शीच चालत होती. मला इतका आनंद झाला! "झालं," मी म्हणाले. ते काकांना म्हणाले की करंगळीला, देव जाणे. काका क्षणभर थांबले असावेत. पंजे टेबलावर आणखी थोडा वेळ होते. मग ते पंजे गेले.

आता मी त्या पंजांच्या वर चेहरा बसवायचा प्रयत्न करत होते आणि येत होते ते सगळे जुने चेहरे. सात वर्षं काका येतायत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांच्या बोटांबद्दल मला पहिल्यापासून कौतुक, एक कारागीर दुसऱ्याचं करतो तसं. हे मी मनातच म्हणते, मोठ्याने म्हटलं तर लोक हसतील. माझा ड्रॉवर अडकायचा तो त्यांनी एकदा रांगेत उभ्या उभ्या दुरुस्त केला. डॉक्टरांशी बोलत होते, त्यांच्याकडेच बघत होते, आणि हात खाली ड्रॉवरच्या खाचेत फिरत होता. दोनदा बोट फिरवलं, खिशातला पॉलिश-कागद काढून एका जागी घासला आणि ड्रॉवर लोण्यासारखा सरकला. सुट्टी मागण्यात मात्र त्यांच्यासारखा बेरकी कुणी नाही. महिन्यातून एकदा तरी मागणारच. मी बघायचे, ते छाती काढून उभे राहायचे, मी म्हणायचे, "काका, श्वास रोखू नका, सोडा तो," आणि ते फुस्सकन सोडून हसायचे. दहातल्या आठ वेळा मी नाही म्हटलंय. ते कुरकुरत आत जायचे, "या बाईंना नवऱ्याची बायको नाही, पोलीस व्हायचं होतं," असं सिस्टरना सांगत. ते आठवून मला हसू आलं, आणि तेवढ्यात आज वार कोणता हे डोक्यात आलं. मंगळवार. म्हणजे शनिवारनंतर तीन दिवस. मंगळवारच्या तीनही बॅचना आम्ही सगळ्यात जपून असतो, कारण मधल्या रविवारचं पाणी अंगात जास्तीचं असतं, आणि मी त्या तिसऱ्या दिवशी एका माणसाला चौथ्या दिवसावर ढकललं होतं. चार दिवसांचं पाणी घेऊन एक माणूस कुणाच्यातरी जिन्यावर उभा राहून कठडा ठोकणार. पाणी छातीत चढलं की जमिनीवरच्या जमिनीवर बुडतो माणूस. असा एक मी पाहिला आहे, त्याबद्दल मला बोलवत नाही.

मी काकांच्या दुकानात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रांगेतली एक बाई म्हणाली, "माझं शुक्रवारचं..." मी म्हटलं, "बसा जरा." काहीतरी आठवेल म्हणून मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर डोंगर आला. मला माझ्या बोटांचा संताप आला. इतकी वर्षं मी त्यांचं कौतुक केलं, ह्यांना दाखवलं, मुलीला दाखवलं, आणि त्यांनी माझ्या नावाने खोटी साक्ष दिली. मग लगेच वाटलं, त्यांचा काय दोष? त्यांना जे शिकवलं ते त्यांनी चोख केलं. बघायचं काम त्यांचं नव्हतंच. ते माझं होतं. थोरल्या बाईंनी टॉवेल हातांवर टाकला होता, तो हातांसाठी नव्हता, हे मला एकोणीस वर्षांनी त्या खुर्चीत बसून कळत होतं. आणि त्याहून जिवाला लागलं ते हे, की मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हतं. पा होता ना. सिस्टरनी बघितला होता, डॉक्टर बघतील. उद्या काही झालं तरी सगळे म्हणतील, बाईंनी पाहिलं होतं हो, तेव्हा बरे होते, नशीब एकेकाचं. एक क्षण, अगदी एकच क्षण, मला त्या आडोशाचं बरं वाटलं. त्या क्षणाची मला अजून शरम वाटते.

मी उठले, आतलं दार ढकललं. सिस्टर सात नंबरच्या नळ्या काढून ठेवत होत्या. "सिस्टर," मी म्हटलं, "तो पा खोटा आहे. मी पाहिलं नाही त्यांना." त्यांनी हातमोज्यातले हात तसेच वर धरले आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काही बोलतील. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, त्यांनी माझ्या शब्दावर कितीतरी माणसांना घरी जाऊ दिलंय. त्या म्हणाल्या, "दुकान कुठंय त्यांचं?" "दोन स्टॉप पलीकडे." "मग जा ना. मी सात नंबर तसाच ठेवते." एवढंच. मी पर्स घ्यायलासुद्धा थांबले नाही. जाताना उभ्याउभ्याच वाकून काकांच्या ओळीतला पा एका बोटाने पुसला, कळपट्टीकडे नीट बघून, आणि जिने उतरताना पायऱ्या मोजत होते की देवाचं नाव घेत होते ते आठवत नाही.

बाहेर ऊन होतं. डोळे दिपले, म्हणून रस्ता ओलांडताना मी स्टॉपवरचं कोण ते आधी बघितलंच नाही. चौकड्यांचा शर्ट दिसला. मग पेन्सिल. बाकावर एका टोकाला, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून, काका बसले होते. हत्यारांची पिशवी पायाशी. समोरून त्यांच्या नंबरची बस आली, थांबली, दार उघडलं, दार मिटलं, गेली. ते हलले नाहीत.

"काका! तुम्ही इथेच?"

"ही चौथी," ते म्हणाले. बसबद्दल बोलत होते. "तीन... आधी सोडल्या."

"अहो पण का?"

"तुम्ही पाहिलं नाही ना," काका म्हणाले. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. माप चुकलंय हे सांगावं तसं. थांबून, दम घेऊन बोलत होते. "सात वर्षं सुट्टी मागतोय, बाई. मागतो ती... तुम्ही नाही म्हणणार म्हणून. नाही म्हणालात की आत जातो. हो म्हणालात तर समजतो, आज खरंच बरे आहोत आपण. आज म्हणालात झालं. आणि वर बघितलंच नाही. बाहेर आलो आणि भ्यायलो. आता कुणाला विचारायचं, बरा आहे का मी?"

"मग परत वर यायचं! ओरडायचं माझ्यावर!"

"तुम्ही त्या नव्या यंत्राशी झटत होतात. रांग होती." त्यांनी पायाशीच्या पिशवीकडे बोट केलं. "नवा रंधा हातात बसायला मलाही महिना लागतो. त्या दिवसांत मी... चांगल्या लाकडाला हात लावत नाही. म्हटलं, बसावं इथं. बाई कधीतरी वर बघतील."

मी बाकापाशी त्यांच्यासमोर वाकले आणि पाहिलं. घाई न करता पाहिलं. पापण्या फुगून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली होती, आणि दुपार व्हायला आली तरी ती गेलेली नव्हती. ओठांच्या कडेला निळसर झाक. मानेची एक शीर प्रत्येक श्वासाला वर येत होती. इतकं सगळं सकाळी माझ्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. मी फाटकातल्या वॉचमनला चाकाची खुर्ची आण म्हणून हाक मारली, आणि काका माझ्याकडे एकटक बघतायत हे मला जाणवलं. रोजच्यासारखे नाही. छाती काढलेली नव्हती, श्वास रोखलेला नव्हता. निकाल ऐकायला थांबलेल्या माणसासारखे थांबले होते.

"नाही," मी म्हटलं. "आज सुट्टी मिळणार नाही."

काकांनी डोळे मिटले आणि खांदे खाली सोडले. "हां," ते म्हणाले, "आता कसं." आणि मग ते हसायला लागले. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू पसरायला वेळ लागला, एका गालावरून दुसऱ्या गालावर, आणि ते पूर्ण येईपर्यंत मी बघत राहिले.